फोर्डच्या शब्दावर

जॉन फोर्डने उतारवयात आपल्या आवडत्या चित्रपटांची यादी दिली, तिच्यात राऊल वॉल्शचा ‘द ऑनर सिस्टीम’ होता. १९१७चा मूकपट. फोर्डसारखा तिरसट माणूस उगाच कुणाची पाठ थोपटायचा नाही, म्हणून हा चित्रपट थोरच असणार, असं सगळे धरून चालतात. पण तो पाहिलेलं आता कोण आहे? त्याची एकही प्रत उरलेली नाही.

गोष्ट मात्र कळते. जोसेफ स्टँटन हा संशोधक सीमेवरच्या एका गावात स्वतःचा जीव वाचवताना समोरच्याला मारतो आणि जन्मठेपेला जातो. तुरुंग नरकासारखा. मग नवा वॉर्डन येतो, कैद्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणारा. वॉर्डनच्या मुलीवर स्टँटनचा जीव जडतो. ‘परत येईन’ एवढ्या शब्दावर त्याला बाहेर सोडलं जातं. हे सगळं हवेतलं नव्हतं. अ‍ॅरिझोनाचे गव्हर्नर जॉर्ज हंट तेव्हा तुरुंगसुधारणेच्या मागे लागले होते आणि वॉल्शने चित्रीकरणही तिथेच केलं.

चित्रपट फॉक्सचा. फॉक्सची रिळं न्यू जर्सीतल्या लिटल फेरी गावच्या गोदामात असत. नायट्रेटची फिल्म उन्हाळ्यात कुजते, वायू सोडते, बंद खोलीत तापत जाते आणि आपली आपण पेटते. ज्वलनाला लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो, त्यामुळे पाण्यातही विझत नाही. ९ जुलै १९३७ला ते गोदाम भडकलं. शेजारच्या घरातला एक मुलगा दगावला आणि फॉक्सचे बहुतेक मूकपट गेले. हसायचं कारण नाही, जानेवारी २००३मध्ये आपल्या पुण्यातही, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, नायट्रेटची रिळं अशीच जळाली.

मला खरं तर या हरवलेल्या चित्रपटांभोवतीच्या प्रभावळीचाच कंटाळा आलाय. जो दिसत नाही, त्याला नावं ठेवता येत नाहीत. ‘ऑनर सिस्टीम’ कदाचित रडका असेल, प्रेमप्रकरण ओढूनताणून आणलेलं असेल. ते म्हणायचा हक्क आगीने काढून घेतला.

‘दो आँखें बारह हाथ’चं तसं नाही. विषय जवळपास तोच. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९मध्ये स्वतंत्रपूरची खुली वसाहत झाली, कैदी विश्वासावर मोकळे. गदिमा त्याच मुलखातले. त्यांनी त्यावरून कथा लिहिली आणि शांतारामबापूंचा जेलर सहा खुनी घेऊन माळरान फुलवायला निघाला. (योगायोग बघा, वॉल्शचा एक डोळा गाडीची काच फोडून आत आलेल्या सशापायी गेला, तर बापूंचे डोळे याच चित्रपटातल्या बैलाने जायबंदी केले.)

तो मी परवा पुन्हा पाहिला. बैलाची झुंज मला आजही लांबलेली वाटते.