कर्कपेशींची भूक

घरांत कुणास कर्करोग झाला कीं, ‘साखर तोडा, म्हणजे गांठ उपाशी मरेल’ असा सल्ला देणारे आप्त हटकून भेटतात. ही समजूत अगदींच निराधार नाहीं. कर्कपेशी प्राणवायु पुरेसा असतांहि पुष्कळशी साखर अर्धवटच जाळून तिचें दुग्धाम्ल करितात, व म्हणून त्यांना ती फार लागते, असें जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनीं १९२० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें.

परंतु ही भूक वाढवितो कोण? पेशींतील बहुतेक कामें प्रथिनें करितात, आणि तीं घडविण्याचा निरोप आर.एन.ए. नांवाचे रेणु नेतात. कांहीं आर.एन.ए. मात्र स्वतः निरोप न नेतां दुसऱ्यांचे निरोप अडवितात. असा पहिला चिमुकला रेणु १९९३ सालीं एका सूक्ष्म कृमींत सांपडला. त्या शोधाबद्दल अँब्रोस व रव्हकुन यांस २०२४ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

‘मिर-१४३’ हा त्यांतलाच एक. पेशींत शिरलेल्या साखरेवर पहिली क्रिया करणारें जें हेक्झोकायनेज-२ नांवाचें विकर, त्याची निर्मिति हा आंवरून धरतो. मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांत तो घटलेला आढळतो. मग लगाम सुटतो व साखरेचा वापर बळावतो.

सारांश, बिघाड स्वयंपाकघरांत नसून पेशीच्या कारभारांत आहे. साखर वर्ज्य केली तरी यकृत ती रक्तांत पुरवीतच राहतें. उपासानें खंगतो तो रोगी. म्हणून आजाऱ्याच्या ताटांतील घांस काढून घेण्यापूर्वीं वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा, इतकीच आमची वाचकांस विनंती आहे.