यंत्र कुरकुरतं तेव्हा...



उन्हाळ्याच्या तोंडावर आईबरोबर माठ आणायला कधी गेला आहात का? आई माठ हातात घेते, बोटाने त्यावर टकटक करते आणि कान देऊन ऐकते. 'टण्ण' असा खणखणीत आवाज आला की माठ पक्का. 'बद्द' वाजला की तो मुकाट्यानं खाली ठेवते. डोळ्यांना न दिसणारी बारीक चीर तिला कानानं कळते!

आज आपण जी गोष्ट पाहणार आहोत ती अशीच आहे. फरक एवढाच, की माठाला टिचकी मारावी लागते आणि यंत्र चालू असलं की आपणहूनच थरथरत असतं. खोटं वाटतं? मग आत्ता उठा आणि फ्रिज चालू असताना त्याच्या बाजूला तळहात टेकवा. लागली ना बारीकशी थरथर? घाबरू नका, फ्रिज ठणठणीत आहे! प्रत्येक यंत्र थोडं तरी थरथरतंच. प्रश्न असतो तो किती आणि कसं थरथरतं याचा.

कारखान्यातले जुने कारागीर यासाठी एक युक्ती करत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. झाला डॉक्टरांचा स्टेथोस्कोप! (तुम्ही मात्र हे मुळीच करायचं नाही. फिरत्या यंत्राजवळ जायचं काम शिकलेल्या माणसांचं.)

पण या युक्तीत एक अडचण आहे. कारागीर निवृत्त झाला की त्याचा कानही त्याच्याबरोबर घरी जातो! शिवाय आजची घरघर महिन्यापूर्वीच्या घरघरीपेक्षा नेमकी किती वाढली, हे कान सांगू शकत नाही. त्यासाठी आकडा हवा.

तो आकडा कसा मिळतो? तुमच्या स्वयंपाकघरातला 'टक्क' वाजणारा गॅसचा लायटर आठवा. त्यात बॅटरी नसते, तरी ठिणगी पडते. कारण आतल्या खास स्फटिकावर ठोका बसला की त्यातून वीज निर्माण होते. झाक आणि पिअर क्युरी या फ्रेंच भावांनी स्फटिकांचा हा गुण १८८० साली शोधून काढला. आता असाच एक छोटा स्फटिक डबीत बसवून ती डबी यंत्राला घट्ट चिकटवली तर? यंत्र थरथरलं की स्फटिक दाबला जाणार आणि थरथरीची वीज होणार. ती वीज मोजली की झाला आकडा तयार!

पण दोस्तांनो, नुसतं 'ताप आहे' म्हणून भागत नाही, आजार कोणता तेही कळायला हवं. इथे खरी गंमत आहे. ढोल-ताशाचं पथक वाजत असताना तुम्हाला ढोल वेगळा आणि ताशा वेगळा ओळखू येतो की नाही? तसंच यंत्राच्या थरथरीतही अनेक ठोके मिसळलेले असतात. कितीही गुंतागुंतीची थरथर साध्या लहरींमध्ये कशी सोडवायची, याचं गणित जोसेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ साली आपल्या ग्रंथात मांडलं. आज संगणक ते काम क्षणात करतो.

एक उदाहरण सोडवूया. पंपाची मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला किती? १४४० भागिले ६०, म्हणजे २४.

आता सेकंदाला २४ ठोके जोरात येत असतील, तर संशय असमतोलाचा. म्हणजे फिरणाऱ्या भागाची एक बाजू जड झाली आहे आणि ती प्रत्येक फेऱ्यात एक हिसका देते.

दुपटीने, म्हणजे ४८ ठोके जोरात येत असतील, तर बहुधा मोटर आणि पंप एका रेषेत नाहीत. तीन पायांच्या शर्यतीत जोडीदार वाकडा धावला की कसे हिसके बसतात, तसं!

आणि सेकंदाला सुमारे ७५ ठोके आले तर? समजा, बेअरिंगमध्ये ८ छर्रे आहेत आणि बाहेरच्या स्थिर कड्याला खड्डा पडला आहे. तुम्ही म्हणाल, एका फेऱ्यात ८ छर्रे त्यावरून जाणार, मग ठोके १९२ हवेत. पण छर्रे मोटरच्या दांड्याइतके भरभर पुढे सरकत नाहीत. दांड्याचा एक फेरा होईपर्यंत त्यांचा अर्धाही होत नाही! म्हणून एका फेऱ्यात जेमतेम तीन-साडेतीन ठोके बसतात. पाहिलंत? यंत्र न उघडता, नुसते ठोके मोजून दुखणं कुठे आहे ते कळलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आकडा मिळाला, तो वहीत लिहिला, पण पुढे काहीच केलं नाही तर?

रशियात सैबेरियामध्ये येनिसेई नदीवर सायानो-शुशेन्स्काया नावाचं प्रचंड जलविद्युत केंद्र आहे. तिथे प्रत्येकी ६४० मेगावॉटची १० यंत्रं. १७ ऑगस्ट २००९ ची सकाळ. दोन नंबरच्या यंत्राची थरथर वाढली होती. मर्यादा होती १६० मायक्रॉनची. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) ती ८४० मायक्रॉनपर्यंत गेली, म्हणजे मर्यादेच्या पाचपटींहूनही जास्त! तरी यंत्र चालूच राहिलं.

तार पुन्हापुन्हा वाकवली की शेवटी तुटते, हे तुम्ही करून पाहिलं असेल. यंत्राचं झाकण धरून ठेवणाऱ्या जाडजूड बोल्टांचंही तसंच झालं होतं. थरथरीने त्यांना आतून चिरा पडल्या होत्या. अखेर बोल्ट तुटले, झाकण उडालं आणि धरणाचं पाणी आत घुसलं. ७५ माणसं प्राणाला मुकली. यंत्राने सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. वेळेवर ऐकून त्याला थांबवायला हवं होतं.

म्हणून चांगला देखभाल अभियंता तीन कामं करतो: ठरलेल्या दिवशी मोजतो, लिहून ठेवतो आणि आकडा चढू लागला की यंत्र मोडायची वाट पाहत नाही.

करून पाहा

आईबाबांच्या मदतीने सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. पेडलने मागचं चाक फिरवा आणि थरथर पाहा. चाक थांबल्यावर जुन्या फडक्याची घट्ट घडी रिमजवळ स्पोकना पक्की बांधा. ती ब्रेकला किंवा साखळीला लागता कामा नये. आता पुन्हा फिरवा. अख्खी सायकल नाचू लागेल! मग तेवढीच दुसरी घडी बरोबर समोरच्या बाजूला बांधा. काय झालं? टायरच्या दुकानात मोटारीच्या चाकांना छोटी वजनं का लावतात, ते आता तुम्हीच आईबाबांना समजावून सांगा. आणि हो, चाक फिरत असताना बोटं लांब!

जाता जाता एक विनंती. घरचा पंखा, मिक्सर किंवा पाण्याचा पंप रोजच्यापेक्षा वेगळा वाजू लागला, तर 'चालतोय ना, मग झालं!' असं म्हणू नका. बटण बंद करा आणि मोठ्यांना सांगा.

तो कुरकुरतोय, म्हणजे काहीतरी सांगतोय बरं का!