भाडेकरूचे वाहन आणि खांबांखालची जागा

तालुक्याच्या गावी भाड्याचे घर शोधणाऱ्याला पूर्वी दोन प्रश्न विचारले जात : आडनाव कोणते, आणि घरात माणसे किती? आता तिसऱ्याची भर पडली आहे : गाडी आहे काय? ज्याला आडनावामुळेच नाकारावयाचे, त्याला सांगण्यासाठी ‘पार्किंग नाही हो’ हे सभ्य निमित्त घरमालकाच्या हाती आयतेच आले आहे.

कराडचे उदाहरण घ्यावे. कृष्णा-कोयनेच्या संगमाकाठच्या जुन्या पेठा माणसाच्या पावलांच्या मापाने वसल्या. नव्या वसाहती महामार्गालगत मलकापूरकडे आणि कृष्णेपलीकडे विद्यानगरकडे पसरल्या. रेल्वे स्थानक ओगलेवाडीस. रुग्णालये आणि महाविद्यालये यांमुळे बाहेरून येऊन राहणाऱ्यांचा राबता मोठा. वाहनतळाचा प्रश्न म्हणजे मध्यमवर्गाचे रडगाणे, असे मानणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे भाडेकरू कोण आहेत ते एकदा पाहावे. रात्रपाळी करून परतणारी परिचारिका, पहाटेची पहिली एस.टी. काढण्यासाठी आगारात पोचावयाचा चालक, हप्त्यावर घेतलेला टेंपो हाकणारा तरुण. यांच्या लेखी वाहन हे उपजीविकेचे अवजार आहे. ते रात्रभर रस्त्यावर राहिले आणि सकाळी त्याची बॅटरी किंवा चाक नाहीसे झाले, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडालीच.

मग जागा गेली कोठे? कागदावर ती आहे. २०२० सालच्या राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत सदनिकांच्या आकारमानानुसार मोटारी व दुचाकींसाठी किती जागा सोडावयाची ते ठरवून दिले आहे, आणि ती दाखविल्याखेरीज नकाशा मंजूर होत नाही. परंतु इमारत उभी राहिली की खांबांमध्ये भिंती येतात, शटर बसते, आणि तेथे झेरॉक्सचे दुकान, खाजगी शिकवणीचा वर्ग किंवा कोणाचे तरी गोदाम थाटले जाते. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यान्वये खांबांखालची पार्किंगची जागा बांधकामदाराला सुटी विकता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला. तरीही व्यवहार होत राहिले, कारण तक्रार करावयाची कोणी? भाडेकरू गृहनिर्माण संस्थेचा सभासद नसतो. सभेत त्याला मत नाही. ज्यांना मत आहे, त्यांची गाडी आत उभी असते.

येथे एक भेद केला पाहिजे. निवृत्तिवेतनाला जोड म्हणून वरचा मजला भाड्याने देणारा जुन्या पेठेतील शिक्षक आणि वाहनतळ गिळणारा बांधकामदार यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. त्या शिक्षकाच्या दारी जागाच नाही. त्याने आणावी कोठून?

अकरा महिन्यांच्या कराराची रीत मात्र दोघांचीही सारखीच. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या कायद्याने सक्तीची केली, ती टाळण्यासाठी हे अकरा महिने निघाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने ही पळवाट बंद केली. मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एवढेच नव्हे, तर नोंदलेला करार नसेल तेव्हा अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तथापि अजूनही साध्या मुद्रांक कागदावर सह्या होतात, आणि त्यात वाहनाचा उल्लेख नसतो. तिसऱ्या महिन्यात मालकाचा मुलगा मोटार घेतो. भाडेकरूची स्कूटर फाटकाबाहेर जाते. वाद घालावा, तर बाराव्या महिन्यात घरच जाते!

म्हणून करारात वाहनाची जागा लिहून घेणे एवढ्याने भागणार नाही. एकट्या भाडेकरूची ती ताकद नव्हे. जुन्या पेठांसाठी आठवडेबाजाराची रात्री ओस पडणारी आवारे नगरपरिषदेने राखणदारासह खुली करावीत, ही मागणी वॉर्डसभांतून पुढे यावयास हवी. नव्या इमारतींचे मंजूर नकाशे मागवून, प्रत्यक्ष जागेशी ताडून, शटरांची यादी मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवता येईल. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टँपवर होतो. एका वॉर्डातील पाच इमारतींपासून आरंभ करावा.