अंगावरचे वळ आधी लिहा

परभणीत न्यायालयीन कोठडीत मरण पावलेल्या सोमनाथ सूर्यवंशी याच्या प्रकरणात गुन्हा दाखल करा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 4 जुलैला दिला होता. तो पाळण्याऐवजी राज्य सरकारने दिल्ली गाठली आणि 30 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सरकारला रिकाम्या हाती परत पाठवले. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका होता. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याने मृत्यू, असे कारण आले होते. तरीही गुन्हा नोंदवला जाऊ नये म्हणून जनतेच्या पैशाने वकील उभे केले गेले. पस्तिशीतल्या, कायदा शिकणाऱ्या मुलाच्या मृत्यूचा साधा एफआयआर व्हावा यासाठी एका आईला साडेसात महिने न्यायालयांचे उंबरे झिजवावे लागले. याची ज्यांना लाज वाटायला हवी त्यांनी अजून एक शब्द उच्चारलेला नाही.

मारले कुणी, हे आता तपासातून आणि खटल्यातून ठरेल. आमचा प्रश्न त्याच्या थोडा पुढचा आहे आणि तो कुणी फारसा विचारत नाही. पोलीस कोठडी संपल्यावर 14 डिसेंबरला न्यायालयीन कोठडी मिळाली आणि हा तरुण परभणीच्या कारागृहात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मरण पावला. म्हणजे मधल्या काळात एका सरकारी खात्याने तो दुसऱ्या सरकारी खात्याच्या ताब्यात दिला. कागदावर सही झाली, शिक्का बसला, दिंडीदरवाजा उघडून मिटला. त्या वेळी कुणी त्याचा सदरा काढून पाठ पाहिली का? पाहिली असेल तर काय लिहिले? आणि जे लिहिले ते त्याच रात्री न्यायाधीशांना का कळले नाही?

कायद्यात याचे उत्तर सव्वाशे वर्षांहून जुने आहे. 1894 च्या कारागृह अधिनियमाचे 24 वे कलम सांगते, की आत येणाऱ्या प्रत्येक कैद्याची झडती घ्यावी आणि शक्य तितक्या लवकर वैद्यकीय अधिकाऱ्याच्या आदेशानुसार त्याची तपासणी व्हावी. त्याची प्रकृती, अंगावरच्या जखमा आणि खुणा वहीत लिहाव्यात. इंग्रजांनी हे कैद्याच्या कळवळ्याने लिहिले नव्हते, उद्या आपल्या तुरुंगावर आळ येऊ नये म्हणून लिहिले होते. पण कलम स्पष्ट आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 1999 मध्येच या तपासणीचा नमुना तक्ता सगळ्या राज्यांना पाठवला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 53 व्या कलमानुसार अटकेनंतर लगेच डॉक्टरने तपासायचे, जखम असेल तर ती अंदाजे कधीची तेही लिहायचे आणि त्याची प्रत अटक झालेल्या माणसाला द्यायची. डी. के. बसू खटल्यात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर अठ्ठेचाळीस तासांनी तपासणीचा नियम घातला. नियमांची कुठेच कमतरता नाही. कमतरता आहे ती पाहून खरे लिहिणाऱ्या हाताची.

परभणी आपल्यापासून लांब आहे असे घाटंजीच्या वाचकाला वाटू नये. तालुक्यातल्या पारव्याच्या किंवा घाटंजीच्या हद्दीत उद्या कुणाला अटक झाली, तर तो याच वाटेने जातो. ठाण्याचे लॉकअप, मग सरकारी दवाखान्यात मेडिकल, न्यायालयात रिमांड, पीसीआर (पोलीस कोठडी) संपला की एमसीआर (न्यायालयीन कोठडी) आणि मग कैदी पार्टीच्या गाडीतून यवतमाळचे जिल्हा कारागृह. या वाटेवर तो किमान चार सरकारी टेबलांसमोर उभा राहतो. प्रत्येक टेबलावर कुणीतरी सही करते. चारपैकी एकाने जरी नीट पाहिले तरी मारहाण लपणे अवघड आहे.

प्रत्यक्षात काय होते ते राज्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात एखाद्या सोमवारी जाऊन पाहावे. बाहेर ओपीडीची रांग. हवालदार आरोपीला घेऊन थेट आत येतो. डॉक्टर मान वर न करता विचारतात, काही त्रास आहे का? हवालदार खांद्याला खांदा लावून उभा असतो. त्याच रात्री आपल्याला त्याच ठाण्यात परत जायचे आहे हे त्या माणसाला माहीत असते. तो नाही म्हणतो. छापील कागदावर ताजी जखम नाही अशी ओळ उमटते आणि पुढचा पेशंट आत येतो. मग हाच कागद पुढच्या प्रत्येक टेबलावर पुरावा ठरतो. न्यायाधीश विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? पोलीस अजून शेजारीच असतात. तो पुन्हा नाही म्हणतो. तुरुंगाच्या दारात वैद्यकीय कागद तयार असतो, त्यावरून वहीत उतरवले जाते. परभणीबाबत मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत हेच सांगितले होते, की त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर मारहाणीची तक्रार केली नव्हती. पोलिसांच्या उपस्थितीत दिलेल्या नकाराला सरकार एवढे वजन देते, आणि डॉक्टरांनी मृतदेहावर मोजलेल्या जखमांना देत नाही.

आणि ज्याला मराठीच धड येत नाही त्याचे काय? घाटंजी, केळापूर, झरी या पट्ट्यातल्या पोडांवरचा कोलाम घरी कोलामी बोलतो. बेड्यावरचा पारधी आपली बोली बोलतो. त्यांना कायद्याच्या मराठीत तक्रार आहे का असे विचारायचे आणि मुकाट उभा राहिला की नाही असे लिहायचे, याला तपासणी म्हणता येणार नाही. अंग पाहिल्याशिवाय लिहिलेली नोंद खोटी असते, मग खाली कितीही मोठ्या अधिकाऱ्याची सही असो.

आपल्या बाजार समितीत कापसाची गाडी आली तर आधी काटा होतो, ओलावा पाहतात, मगच पावती फाडतात. जिवंत माणूस ताब्यात घेताना एवढी तरी काळजी घेतली जावी, ही मागणी फार मोठी नाही.

विदर्भाने कागदावरच्या जखमेचे मोल एकदा भोगले आहे. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडताना जे आधार घेतले त्यात अंगावर जखमांच्या खुणा नाहीत हाही होता. देशभर संताप उसळला आणि 1983 मध्ये कायदा बदलावा लागला. ठाण्यात आणि तुरुंगात काय झाले हे सांगायला तिसरा साक्षीदार नसतो. तिथे डॉक्टरची ओळ हीच साक्ष असते. म्हणून आम्ही पुन्हा तेच म्हणतो, आधी अंग पाहा, मग लिहा, आणि ते त्याच दिवशी न्यायालयाला कळवा.

कारागृहातले अधिकारी सांगतात की मनुष्यबळ नाही, बराकी भरल्या आहेत, रात्री डॉक्टर मिळत नाही. ते खरे आहे. 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसे होती, त्यातली 4,34,302 कच्चे कैदी. पण एका माणसाचे अंग पाहायला काही मिनिटे लागतात, आणि गर्दीच्या नावाखाली ती वाचवायची नसतात. तुरुंगाधिकाऱ्याच्या स्वतःच्या हिताचेही हेच आहे. मार ठाण्यात बसला असेल आणि दारात लिहिला गेला नसेल, तर उद्या तो तुरुंगाच्या नावावर चढतो.

नव्या संहितेने हे काम दुप्पट महत्त्वाचे केले आहे. पूर्वी पोलीस कोठडी अटकेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांतच मिळे. आता 187 व्या कलमामुळे तेच पंधरा दिवस तुकड्यातुकड्यांनी, गुन्ह्याच्या स्वरूपानुसार चाळीस किंवा साठ दिवसांच्या मुदतीत घेता येतात. म्हणजे तुरुंगात गेलेला माणूस पुन्हा ठाण्यात जाऊ शकतो आणि परत येऊ शकतो. तो प्रत्येक वेळी दारातून आत येईल तेव्हा तपासणी नव्याने झाली पाहिजे. जुन्या नोंदीखाली तीच प्रकृती असे लिहून भागणार नाही. परभणीचा प्रश्न गाजत होता त्याच हिवाळी अधिवेशनात विधिमंडळाने राज्याचे नवे कारागृह व सुधारसेवा विधेयक मंजूर केले. विशेष कारागृहे, खुली कारागृहे, महिलांची खुली कारागृहे, सगळ्याचा विचार त्यात आहे. दारातल्या तपासणीचे काय, हे विचारायला त्याहून योग्य वेळ दुसरी नव्हती.

दारातल्या वहीत जखम लिहायची राहते, पण जात लिहायची कधी राहिली नाही. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. झाडलोट अमुकांनी, स्वयंपाक तमुकांनी अशी जातीवरून होणारी कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याची वहिवाटही बंद करायला सांगितली. तीन महिन्यांत नियमावल्या दुरुस्त करायच्या होत्या. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये गेला, तरी चोरी झाली की पहिली गाडी आजही पारधी बेड्यावर जाते, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या कुणालाही सांगावे लागत नाही. त्या बेड्यावरून उचललेला पोरगा तुरुंगाच्या दारात येतो तेव्हा त्याच्याबद्दल काय लिहिले जाते आणि त्यावरून त्याला कोणत्या बराकीत टाकले जाते, याने त्याचे पुढचे आयुष्य ठरते. पहिल्याच दिवशी सराईतांच्या बराकीत झोपलेला अठरा-वीस वर्षांचा मुलगा बाहेर येताना तसाच राहत नाही. एकवीस वर्षांखालच्यांना वेगळे ठेवा, कच्च्यांना पक्क्यांपासून वेगळे ठेवा, हेही त्याच 1894 च्या कायद्यात आहे.

आत घेतानाच आणखी एक गोष्ट विचारली पाहिजे. तुला जामीन झालाय का, आणि झाला असेल तर तू इथे का? जामीन मंजूर होऊनही सुटत नाहीत अशांची संख्या लहान नाही. सातबाऱ्यावर नाव असलेला जामीनदार पोडावरचा कोलाम आणणार कुठून? जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर त्या माणसाला गरीब समजून जातमुचलक्यावर सोडा, असे नव्या संहितेचे 478 वे कलम सांगते. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर 479 व्या कलमाखाली न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी थेट कारागृह अधीक्षकांवर आहे. त्यातून फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि ज्यांच्यावर एकाहून अधिक खटले आहेत ते वगळले आहेत, एवढेच. केंद्राची 2023 पासूनची गरीब कैद्यांसाठीची योजना कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी रक्कम देते. त्यासाठी जिल्हा पातळीवर समिती असते. हे त्या माणसाला पहिल्या दिवशी, त्याच्या भाषेत कोण सांगते? कुणी सांगितले नाही तर ती योजना त्याच्यापुरती अस्तित्वातच नाही.

महिला कैद्यांबाबत वेगळे लिहायला हवे आणि आम्ही लिहूही. 2017 च्या जूनमध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका कैदी महिलेला मारहाणीत जीव गमवावा लागला, तेव्हा आतल्या बायकांनी छतावर चढून आवाज दिला म्हणून बाहेर कळले. त्यांच्यावरच दंगलीचा गुन्हा नोंदवला गेला, हे विसरता येत नाही.

यवतमाळच्या कारागृहात काय लिहिले जाते हे पाहण्याचा अधिकार प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना आहे, जिल्हाधिकाऱ्यांना आहे, अभ्यागत मंडळाला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील तिथे जातातच. या महिन्यात त्यांनी जाऊन प्रवेशाच्या वेळच्या वैद्यकीय नोंदींची वही मागवावी. जानेवारीपासून घाटंजी, पारवा, पांढरकवडा, वणी, पुसद, उमरखेड अशा प्रत्येक ठाण्यातून आलेल्या माणसांपुढे काय लिहिले आहे ते पाहावे. जखमेच्या रकान्यात सलग पाने नाही असेच लिहिलेले आढळले तर संबंधित डॉक्टरांना बोलावून विचारावे. दहा-वीस कैद्यांना हवालदार आणि तुरुंग कर्मचारी बाहेर ठेवून, दुभाष्या सोबत घेऊन, त्या दिवशी दारात काय झाले ते स्वतः ऐकावे. जातीचा रकाना अजून छापलेला असेल तर तो त्याच बैठकीत खोडायला लावावा. जामीन मंजूर होऊन महिना उलटलेल्यांची यादी मागवून ती संबंधित न्यायालयांकडे पाठवावी, आणि काय आढळले ते लेखी जाहीर करावे.