एरर बार कुणाच्या बाजूने असतो?

२०२५ मध्ये एक फॉरवर्ड जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर येऊन गेला. शाळेचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप... कुठेच सुटका नाही. मजकूर थोडक्यात असा, की अंटार्क्टिकातला बर्फ चक्क वाढलाय, म्हणजे ग्लोबल वॉर्मिंगचा फुगा फुटला. खाली पाच-सात हसरे चेहरे.

गंमत म्हणजे मूळ बातमी खोटी नव्हती. शांघायच्या टोंगजी विद्यापीठातल्या संशोधकांचा पेपर त्याच वर्षी आला. त्यात म्हटलंय की २०२१ ते २०२३ या काळात अंटार्क्टिकाच्या बर्फात वर्षाला सरासरी सुमारे १०८ अब्ज टनांची भर पडली. पण त्याच पेपरात हेही आहे, की २००२ ते २०१० मध्ये वर्षाला सुमारे ७४ अब्ज टन बर्फ कमी होत होता आणि २०११ ते २०२० मध्ये सुमारे १४२ अब्ज टन. फॉरवर्ड करणाऱ्याने पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं सोडून दिलं. लॉग फाईलमधली आपल्या सोयीची ओळ तेवढी मेलमध्ये पेस्ट करणारे लोक आपल्या धंद्यातही काही कमी नाहीत म्हणा!

हे आकडे येतात कुठून? मला यातला सगळ्यात आवडणारा भाग हाच. २००२ मध्ये नासा आणि जर्मनीने मिळून 'ग्रेस' नावाचे दोन उपग्रह सोडले. एक पुढे, दुसरा साधारण २२० किलोमीटर मागे. खाली वस्तुमान जास्त असलं की पुढच्याला आधी ओढ बसते आणि दोघांमधलं अंतर किंचित बदलतं. हा बदल केसाच्या जाडीपेक्षाही कमी असला तरी मोजता येतो. त्यावरून खालच्या बर्फाचं चक्क वजन करायचं! पहिली जोडी २०१७ मध्ये थांबली, दुसरी २०१८ मध्ये गेली. शिवाय बर्फाची उंची मोजणारे आणि त्याचा वेग मोजणारे उपग्रह वेगळेच. या तीन पद्धतींची बेरीज जुळवून काढलेला आकडा सांगतो की १९९२ ते २०२० मध्ये ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका मिळून ७,५६० अब्ज टन बर्फ गेला आणि त्याने समुद्र २१ मिलिमीटर वर आला.

मग मधल्या तीन वर्षांत बर्फ वाढला कसा? सोपं आहे. बर्फाचं खातं हे आपल्या पगाराच्या खात्यासारखं असतं. हिमवर्षाव म्हणजे जमा. हिमनद्या समुद्रात जाऊन पडतात तो खर्च. त्या काळात अंटार्क्टिकावर हिमवर्षाव नेहमीपेक्षा खूप जास्त झाला. थोडक्यात, बोनस मिळाला. पण होम लोनचा हप्ता काही कमी झालेला नाही. दिवाळीच्या महिन्याचं स्टेटमेंट दाखवून 'माझं कर्ज फिटलं' असं कुणी म्हणाला तर आपण त्याला काय म्हणू?

बरं, आता दुसऱ्या बाजूच्या लोकांबद्दलही बोलू. 'अमुक साली मुंबई बुडणार' अशा हेडलाईन छापणारे पण मला तितकेच खटकतात. कारण खरी गोष्ट जास्त रोचक आहे आणि जास्त काळजीचीही.

पश्चिम अंटार्क्टिकातल्या बर्फाचा तळ बऱ्याच ठिकाणी समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि आत जावं तसा तो आणखी खोल होत जातो. म्हणजे कोमट पाणी खालून शिरलं आणि बर्फाची कड मागे सरकली, की पुढची कड आणखी जाड आणि आणखी खोल पाण्यात. मग निचरा वाढतो. जॉन मर्सर नावाच्या शास्त्रज्ञाने १९७८ मध्येच या धोक्याबद्दल 'नेचर'मध्ये लिहिलं होतं. तेव्हा अनेकांना ते अतिरंजित वाटलं. मग २००२ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पावरचं 'लार्सन बी' हे तरंगतं बर्फाचं पठार साधारण महिन्याभरात फुटलं. आकार ३,२५० चौरस किलोमीटर, म्हणजे शहर-उपनगरं धरून मुंबईच्या पाचपट! तरंगता बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही, ग्लासातल्या बर्फासारखंच. पण ते पठार मागच्या हिमनद्यांना बुचासारखं अडवून धरत होतं. बूच गेल्यावर त्यांचा वेग वाढला, काहींचा तर आठपट.

सगळ्यांचं लक्ष असलेली थ्वेट्स हिमनदी अशीच आहे. रुंदी साधारण १२० किलोमीटर, आणि ती सगळी गेली तर जगाचा समुद्र ६५ सेंटीमीटरने वर येईल. २०२० मध्ये तिच्यात सुमारे ६०० मीटर खोल भोक पाडून 'आईसफिन' नावाचा रोबो खाली सोडला होता. त्याने काय पाहिलं? सपाट भागात बर्फ अपेक्षेपेक्षा हळू वितळतोय, पण भेगांमध्ये भराभर. म्हणजे एका दमात चांगली आणि वाईट बातमी. वर्तमानपत्राच्या मथळ्यात बसत नाही, पण विज्ञान असंच असतं.

मॉडेल्सचंही तेच. २०१६ मध्ये एका गाजलेल्या अभ्यासाने म्हटलं की बर्फाचे उंच कडे स्वतःच्याच भाराने कोसळत गेले तर एकट्या अंटार्क्टिकामुळे २१०० पर्यंत समुद्र मीटरभर वाढू शकेल. २०२४ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की या शतकात थ्वेट्सबाबतीत असं सलग कोसळणं संभवत नाही. झालं! 'शास्त्रज्ञांचंच एकमत नाही' म्हणायला लोक मोकळे.

पण जरा आकड्यांच्या रांगेकडे बघा. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात शतकअखेरपर्यंतची वाढ १८ ते ५९ सेंटीमीटर दिली होती. त्यात हिमनद्यांचा वेग झपाट्याने बदलण्याची शक्यता धरलेलीच नव्हती, आणि तसं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. २०२१ च्या अहवालात हीच रेंज उत्सर्जनानुसार साधारण २८ सेंटीमीटर ते एक मीटर झाली. शिवाय उत्सर्जन खूप जास्त राहिलं तर दोन मीटरच्या आसपासची वाढही नाकारता येत नाही, अशी पुस्ती. खालचं टोक १० सेंटीमीटर सरकलं, वरचं ४० हून जास्त, आणि पुस्ती धरली तर त्याच्याही पलीकडे.

आपल्या क्षेत्रातल्या कुणालाही हा आकार ओळखीचा वाटेल. 'सहा आठवडे' असं एस्टिमेट दिलेलं काम तीन आठवड्यांत झालेलं कुणी पाहिलंय? पण अठरा आठवडे लागलेलं सगळ्यांनी पाहिलंय. लवकर संपण्याला मर्यादा असते, लांबण्याला नसते. बर्फाचंही तसंच आहे. म्हणून 'अजून नक्की सांगता येत नाही' हे वाक्य निवांत बसायला कारण होऊच शकत नाही. ते जास्त बफर ठेवायचं कारण आहे. अनिश्चितता आपल्या बाजूने नाही, हा माझा या सगळ्यातला एकच मुद्दा.

आता 'दक्षिण ध्रुव कुठे आणि आपण कुठे' म्हणाल, तर आणखी एक मजा ऐका. एवढ्या प्रचंड बर्फाचं गुरुत्वाकर्षण आजूबाजूचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतं. बर्फ गेला की ती पकड सुटते, जवळचं पाणी उतरतं आणि दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा जास्त चढतं. मुंबई आणि कोकण किनारा ग्रीनलंडपासूनही दूर आणि पश्चिम अंटार्क्टिकापासूनही. रायगडच्या खारपट्ट्यात उधाणाने बांधाला खांड पडली की भातशेतीचं काय होतं ते तिथल्या शेतकऱ्याला विचारा. पाऊण मीटर म्हणजे काय, हे त्याला ग्राफ काढून सांगावं लागणार नाही.

आपल्याकडे या विषयाची माणसं आहेत. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था वास्कोत, म्हणजे गोव्यातच आहे. अंटार्क्टिकात १९८९ पासून 'मैत्री' आणि २०१२ पासून 'भारती' ही केंद्रं आहेत. जुलै २०२५ मध्ये इस्रो आणि नासाने मिळून सोडलेला 'निसार' हिमचादरींची हालचालही मोजायला गेलाय. मोजायला आपण कमी पडत नाही. मोजलेलं वापरायला कमी पडतो.

म्हणून एक साधी मागणी. समुद्राला लागून कुठलाही रस्ता, पूल, धक्का किंवा टॉवर मंजूर होताना पहिल्या पानावर एक ओळ सक्तीची करा: 'हे डिझाईन करताना समुद्र इतके सेंटीमीटर वाढेल असं धरलं आहे, आणि इतक्या सालापर्यंत.' बस्स. एक आकडा, एक साल. ज्याला तो आकडा लिहायचा असेल त्याला आपोआप रेंज वाचावी लागेल, आणि तो खालच्या टोकाचा असेल तर लोकांना दिसेल. सॉफ्टवेअरमध्ये आपण साध्या लॉगिन पेजसाठीही गृहीतकं लिहून घेतो. शंभर वर्षं उभ्या राहणाऱ्या काँक्रीटसाठी एवढं मागणं काही जास्त नाही.