प्रिंट हातात घेऊन शिका

अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी 1955पासून योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात दरवर्षी छायाचित्रणाच्या कार्यशाळा घेतल्या. निगेटिव्हइतकीच प्रिंटवरही मेहनत हवी, हा त्यांचा आग्रह. डार्करूमची जागा आता संगणक आणि इंकजेट प्रिंटरने घेतली. कसब मात्र शिकावेच लागते.

पडदा स्वतःच्या उजेडाने चमकतो, कागद पडलेला उजेड परत करतो. त्यामुळे पडद्यावर झळकणारा फोटो कागदावर काळवंडतो. 8 बिटच्या फाइलमध्ये करड्याच्या छटा 256च. जास्त ओढाताण केली की आकाशात पट्टे उमटतात, म्हणून काम 16 बिटमध्ये करावे. मॅट कागदाची काळी शाई वेगळी, चकचकीत कागदाची वेगळी. केवळ रंगीत शाया मिसळून साधलेला करडा उन्हात एक आणि बल्बखाली दुसराच दिसतो. म्हणूनच चांगल्या प्रिंटरांत करड्या शाया स्वतंत्र असतात.

हे व्हिडिओ पाहून कळते, पण वळत नाही. एकाच फोटोच्या दोन प्रिंट शेजारी ठेवून जाणत्याने सावलीतला हरवलेला तपशील दाखवला, की नजर तयार होऊ लागते. म्हणून हा अंक कार्यशाळांविषयी. वाचा, आवडता फोटो घेऊन एखाद्या कार्यशाळेत जा आणि प्रिंट काढल्याशिवाय परतू नका.