रात्रीच्या दोन तासांचा मालक कोण?

नवी मुंबईतील ऐरोली-महापे पट्ट्यातून परदेशी गेलेल्या संगणक अभियंत्यांचे प्रश्न हा समाजवादी चळवळीच्या चिंतेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका अनेक कार्यकर्त्यांच्या मनात येते. ज्याला महिन्याकाठी काही हजार डॉलर मिळतात, ज्याच्या आईवडिलांचे नेरुळला किंवा खारघरला स्वतःचे घर आहे, त्याच्या अडचणींची चौकशी करीत बसण्याइतकी सवड चळवळीला आहे कोठे? शंका अगदीच अनाठायी नाही. परंतु कामगार कोणाला म्हणावे हे पगाराच्या आकड्यावरून ठरत नसते. आपले श्रम कोणाला विकायचे आणि कोणाला विकायचे नाहीत, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्या हाती आहे की नाही, यावरून ते ठरते. या कसोटीला लावून पाहिले तर वाशीच्या बाजारात पोती वाहणारा माथाडी न्यू जर्सीतल्या अभियंत्यापेक्षा एका बाबतीत अधिक मोकळा आहे. हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून त्याचा तपशील पाहावा लागेल.

अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने एच-१बी हा व्हिसाचा वर्ग निर्माण झाला. वर्षाला ६५ हजार, आणि अमेरिकी विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी आणखी २० हजार, अशी त्याची सर्वसाधारण मर्यादा आहे. मंजूर होणाऱ्या अर्जांत भारतीयांचा वाटा बहुतांशी सत्तर टक्क्यांच्या वर असतो. या व्हिसाची खरी मेख अशी की, तो माणसाला मिळतो असे वरवर दिसले तरी अर्ज मालकाचा असतो. ज्या कंपनीने अर्ज केला तिचेच काम करायचे. दुसऱ्या कंपनीत जायचे तर तिने नवा अर्ज करायचा. नोकरी सुटली तर २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे फार तर ६० दिवसांची सवलत. तेवढ्यात नवा मालक मिळाला नाही तर मुलांची शाळा, घराचा करार, गाडीचे हप्ते सारे टाकून परतीचे विमान धरायचे. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांनी अमेरिकेबाहेरून आणावयाच्या माणसांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची पट्टी बसविली. एवढी रक्कम ज्याच्यासाठी मोजली त्याला मालक सहजासहजी मोकळा सोडील, अशी अपेक्षा करणे भोळेपणाचे ठरेल.

आता असा एखादा तरुण दिवसाचे काम संपल्यावर रात्री दोन तास संगणकासमोर बसतो आणि इंटरनेटवरील मंचामार्फत बर्लिनच्या एखाद्या दुकानदाराचे उक्ते काम करून देतो. अमेरिकेतल्या कोणाची नोकरी त्याने हिरावलेली नाही. पैसे युरोपातून येतात, आणि ते वाशीच्या बँकेत वडिलांच्या खात्यावर जमा होतात. घरी सगळ्यांना वाटते की, यात कायद्याचा संबंधच कोठे येतो? येतो. पैसा कोणत्या देशातून निघाला व कोणत्या खात्यात पडला हे गौण आहे. श्रम कोणत्या भूमीवर बसून केले, हे पाहिले जाते, असाच अर्थ सर्वसाधारणपणे लावण्यात येतो. म्हणजे ते दोन तास बेकायदा ठरतात. असे दिवस साचून १८० च्या वर गेले तर तेथेच राहून कायम वास्तव्य मागण्याची वाटही नोकरीच्या आधारावर येणाऱ्याला बंद होऊ शकते. वडिलांच्या नावावर पैसे घेण्याची युक्ती तर दुहेरी घातक आहे. तिकडे व्हिसाचा भंग, आणि इकडे मुलाच्या कमाईबद्दल आयकर खात्याला उत्तरे द्यायची पाळी निवृत्त बापावर.

याच तरुणाने खारघरला दुसरा फ्लॅट घेऊन भाड्याने दिला तर? चालते. समभाग घेऊन लाभांश खाल्ला, ठेवींवर व्याज घेतले तर? तेही चालते. त्यावर कर भरला की कायद्याला काही म्हणायचे नसते. समाजवादी विचाराच्या अभ्यासकांना भांडवल आणि श्रम यांच्यातील भेद समजावून देण्यासाठी यापेक्षा बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही. स्वतःच्या पैशाने अंथरुणात झोपून मिळवावे, त्याला आडकाठी नाही. स्वतःच्या बुद्धीने व जागरणाने मिळवले की गुन्हा. भांडवलाच्या पासपोर्टावर कोणी शिक्का मारीत नाही.

घरातील स्त्रीची अवस्था याहून कठीण. एच-४ व्हिसावर गेलेल्या पत्नीला २०१५ पर्यंत काहीच काम करता येत नव्हते. त्या वर्षी नियम बदलला, पण तोही पतीचे कायम वास्तव्याचे प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोचले असेल तरच. या प्रकरणांत कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून अधिक वाटा न देण्याचा नियम असल्यामुळे भारतीयांची रांग दशकांच्या हिशेबाने मोजावी लागते. तोवर अभियांत्रिकीची पदवी घेतलेली मुलगी चार भिंतींत बसते. लपूनछपून भाषांतराची, शिकवणीची, चित्रे काढून देण्याची कामे घेणाऱ्यांत अशा स्त्रियाच अधिक असतील, तर त्यात नवल नाही. पतीच्या पगारावर अवलंबून राहण्याची ही सक्ती कोणत्याही सनातनी सासूने केलेली नाही. ती प्रगत लोकशाहीच्या कायद्याने केली आहे.

इतर देशांचे नियम याच कुळातले. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या व्हिसावर आठवड्याला २० तासांपर्यंत ठरावीक व्यवसायांत जादा नोकरी करता येते, पण स्वतंत्र धंदा नाही. कॅनडात बंद परवाना आणि खुला परवाना असे दोन प्रकार आहेत. खुल्या परवान्यावर माणूस स्वतःचेही काम करू शकतो, आणि त्यामुळे कॅनडाचे काही बिघडल्याचे ऐकिवात नाही. आखातात तर कफाला पद्धतीने मालकाच्या हाती कामगाराचे येणेजाणेही दिले होते. रत्नागिरी-रायगडच्या किती तरी घरांना तिची झळ ठाऊक आहे. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट काढली, ही सुधारणा म्हणावी लागेल. आणि आपण तरी कोणते वेगळे? भारतात नोकरीसाठी येणाऱ्या परकीयाचा व्हिसाही एका मालकाशी बांधलेला असतो. दुसऱ्याच्या दाराशी न्याय मागताना हे विसरता येणार नाही.

महाराष्ट्राला ही बांधणी नवी नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून रत्नागिरी-सावंतवाडीकडची माणसे मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली ती पाच वर्षांच्या कराराने, एकाच मळ्याशी जखडून. कराराची मुदत संपली तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने अशा जुन्या मजुरांना स्वतःचे छायाचित्र असलेला परवाना सतत जवळ बाळगावा लागे. तो नसला की भटक्या म्हणून अटक. म्हणजे मळ्याबाहेर स्वतःच्या हिमतीवर पोट भरणारा मजूर सरकारच्या लेखी संशयितच होता. १८७१ मध्ये द प्लेविट्झ या गृहस्थाने हजारो मजुरांच्या वतीने अर्ज केला, तेव्हा ब्रिटिश सरकारला शाही आयोग नेमणे भाग पडले. मळेवाल्याचा चाबूक आणि वातानुकूलित कचेरी यांची तुलना करणे अर्थात अन्यायाचे होईल. पण मालक सोडला की माणूस बेकायदा होतो, ही कल्पना दोन्हीकडे एकच आहे.

या बंधनाचे समर्थन अमेरिकेतील काही कामगार संघटनाही करतात, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. परदेशी माणूस आणून स्थानिकांचे वेतन पाडले जाते, ही त्यांची तक्रार आहे. ती खरी आहे तेथे खरी आहे. मात्र वेतन कशाने पडते? जो माणूस राजीनामा देऊ शकत नाही, जादा तासांना नकार देऊ शकत नाही, संघटनेत उघडपणे जाऊ शकत नाही, असा माणूस शेजारच्या टेबलावर बसविला म्हणजे पडते. त्याला मालक बदलण्याची आणि स्वतंत्र काम करण्याची मोकळीक दिली तर स्वस्त आणि आज्ञाधारक हे त्याचे दोन्ही गुण नाहीसे होतील. तेथील कामगाराचा आणि येथून गेलेल्याचा स्वार्थ या जागी एकच आहे.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हे उक्ते काम म्हणजे स्वातंत्र्याचा स्वर्ग, अशी जी जाहिरात चालते ती फसवी आहे. मंच म्हणजे अडत्याच. अपवर्कने २०२३ मध्ये सरसकट १० टक्के अडत ठेवली होती, २०२५ पासून ती कामाप्रमाणे १५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. फायव्हर काम करणाऱ्याच्या मिळकतीतून २० टक्के कापतो. तासाच्या हिशेबाचे काम असेल तर दर दहा मिनिटांत एकदा पडद्याचे छायाचित्र टिपले जाते. गिरणीतल्या जॉबरलाही इतकी नजर ठेवणे जमले नव्हते. कामासाठी बोली लावायची तर तिचेही पैसे मोजायचे. वाशीच्या बाजारात फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय राज्य सरकारने जुलै २०१६ मध्ये केला, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवला होता. संगणकाच्या बाजारात अडत कोणी द्यावी, हा प्रश्न अद्याप कोणी विचारलेलाही नाही.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात आलेल्या पैशापैकी २०.५ टक्के एकट्या महाराष्ट्रात आले आणि देणाऱ्या देशांत अमेरिका पहिली होती. त्या बदल्यात सरकारने या माणसांसाठी काय मिळविले? एच-१बी वरील कामगाराच्या पगारातून तेथील सामाजिक सुरक्षेची वर्गणी कापली जाते. निवृत्तिवेतनाचा हक्क साधारण दहा वर्षांच्या वर्गणीनंतर मिळतो, व्हिसाची मुदत मात्र सामान्यतः सहा वर्षांची. परत आलेल्याची वर्गणी बुडते. बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स, जपान अशा देशांशी भारताने यासंबंधी करार केले आहेत; अमेरिकेशी नाही. शस्त्रांच्या आणि व्यापाराच्या वाटाघाटींत हा विषय कधी अग्रक्रमाने आलेला दिसत नाही.

आणि येथे माथाडीची आठवण होते. १९६९ चा माथाडी कायदा ही महाराष्ट्राची जगाला दाखविण्याजोगी गोष्ट आहे. अण्णासाहेब पाटलांनी ज्यांना संघटित केले तो हमाल आज एका पेढीवर, उद्या दुसऱ्या पेढीवर पोती वाहतो. त्याचा एक मालक नाही, म्हणून पूर्वी त्याला कोणीच मालक नव्हता. कायद्याने त्रिपक्षीय मंडळे नेमली, कामगाराची नोंदणी मंडळाकडे केली, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मालकाने मंडळात भरावी असे ठरविले. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा, औषधपाणी मंडळ पाहते. कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहती त्यातून उभ्या राहिल्या. अनेक मालकांचे काम करावे आणि तरीही म्हातारपण उघड्यावर पडू नये, हे येथे सिद्ध झाले आहे. ज्या शहरासाठी १९८४ च्या जानेवारीत पाच भूमिपुत्रांनी गोळ्या झेलल्या, त्याच शहरात.

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. मंचांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के, परंतु कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या आत, वर्गणी द्यावी असे तीत आहे आणि व्यावसायिक सेवांचे मंचही तिच्या परिशिष्टात येतात. मग ज्याची कचेरी कॅलिफोर्नियात आहे त्याच्याकडून वसुली कशी करणार, असे विचारले जाईल. परदेशातून येणारी प्रत्येक रक्कम बँकेत हेतूच्या सांकेतिक क्रमांकानिशी नोंदली जाते, आणि सीमेपलीकडचे पैसे पोचविणाऱ्या मध्यस्थांना ऑक्टोबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली आणले आहे. लेव्ही तेथेच कापता येईल. परतून आलेला अभियंता, एच-४ वरून माघारी आलेली त्याची पत्नी आणि ऐरोलीत बसून हेच काम करणारा पदवीधर अशा तिघांची नोंदणी कोणत्या मंडळाकडे व्हावी, याचा मसुदा तयार करताना दिल्लीच्या तज्ज्ञांआधी वाशीतील माथाडी मंडळाच्या जुन्या कारकुनांना आणि संघटनेच्या टोळीप्रमुखांना बोलावणे अधिक उपयोगाचे होईल. लेव्ही चुकविणाऱ्या पेढ्या कोणकोणत्या वाटा काढतात, हे त्यांना पाठ आहे.